खळ्यावर न वाजलेलं पुस्तक

अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात मी नोकरी केली असं सांगितलं, की समोरचा माणूस एकदम आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "वा, केवढं पुण्याचं काम." कितीतरी वर्षं मी हे ऐकतेय. पुण्य साठलं असेल तर ते वरचा बघून घेईल. पण माझी निम्मी नोकरी पिना, वायरी, सेल आणि 'हे ह्यात चालत नाही' या चार शब्दांत गेली, ते कुणी विचारत नाही. या अंकाच्या संपादकांनी 'सेवेतले हृद्य अनुभव' मागितलेत. हृद्य अनुभव माझ्याकडे थोडे आहेत. वैतागाचे पोतंभर आहेत, तेव्हा त्यातलेच काढते.

आधी काम काय होतं ते सांगते. नाशकात एका संस्थेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आमचं ग्रंथालय होतं. बाजूच्या खोलीत भिंतींना जुन्या गोधड्या टांगून आम्ही ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. वाचनाची हौस असलेली माणसं तिथे बसून पुस्तक मोठ्यानं वाचायची, आम्ही ते कॅसेटवर उतरवायचो, त्याच्या प्रती काढायचो आणि पोस्टानं गावोगाव पाठवायचो. साधारण कादंबरीला दहा-बारा कॅसेटी लागत. ऐकणाऱ्याकडे फक्त टेपरेकॉर्डर हवा, आणि तो तर नव्वदच्या सुमारास घरोघरी होता, कुणाच्या ना कुणाच्या लग्नात आलेला. नाशिकची कॅसेट सुरगाण्यात वाजायची तशीच दुबईतही वाजायची. 'कंपॅटिबल' हा शब्द त्या काळात आम्हाला माहीतही नव्हता.

आमच्याकडच्या निम्म्या पुस्तकांना आवाज होता लिमयेबाईंचा. शाळेतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. वाचताना एक शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायच्या नाहीत, आणि मीही त्यांच्याच वळणाची. वाचणाऱ्यानं स्वतःच्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही, लेखकानं लिहिलं तसंच्या तसं अंध वाचकापर्यंत गेलं पाहिजे, असा माझा कडक नियम होता. प्रत्येक कॅसेटची बाजू संपली की बाई म्हणायच्या, "पहिली बाजू संपली. कृपया कॅसेट उलटी करा."

पुढे कॉम्प्युटर आला आणि सगळी पुस्तकं सीडीवर घ्यायचं ठरलं. आम्ही कॅसेटी होत्या तशा कॉम्प्युटरमध्ये ओतल्या. महिनाभरात सातपूरचे एक काका रिक्षा करून आले. कंपनीत लेथवर आयुष्य काढलेले, उतारवयात काचबिंदूनं नजर गेलेली. सीडी प्लेयर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमची प्रत्येक सीडी अर्ध्यात बंद पडतेय. अर्धं पुस्तक तुम्ही स्वतःकडेच ठेवता का?"

मी लावून बघितली तर सुरळीत वाजत होती. काकांना म्हटलं, घरी करता तसं करून दाखवा. त्यांनी शांतपणे ऐकलं. लिमयेबाईंनी 'कृपया कॅसेट उलटी करा' म्हणताच त्यांनी झाकण उघडलं, सीडी काढली, उलटी केली आणि परत आत ठेवली. म्हणाले, "बाई सांगतात म्हणून करतो. मला काय दिसतंय कुठली बाजू खरी ते." मी हसले, आणि मग लक्षात आलं की आता प्रत्येक पुस्तकातून बाईंचं हे वाक्य शोधून कापत बसावं लागणार. ते कापण्यात माझा तो पावसाळा गेला.

तरी ती साधी सीडी होती. त्यानंतर आली डेझी. ही पद्धत फार चांगली, त्याबद्दल वाद नाही. अंध माणसाला डोळस माणसासारखं पुस्तक चाळता यावं म्हणून ती काढलेली. बटण दाबलं की पुढचं प्रकरण, पुन्हा दाबलं की अमुक पान, बंद करून चार दिवसांनी लावलं तर सोडल्या जागेवरून पुढे. अडचण एवढीच, की ती सीडी वाजवायला खास वेगळा प्लेयर लागतो. घरातल्या साध्या प्लेयरमध्ये घातली की तो नुसता घरघरतो आणि गप्प होतो. म्हणजे पुस्तक आलं ते चाळायच्या सोयीसकट, पण ज्यांनी चाळायचं त्यांच्याकडे यंत्रच नाही. आम्ही अर्ज-विनंत्या केल्या, आणि परदेशातल्या कुणा दात्यानं खोकंभर प्लेयर पाठवून दिले. त्यातला पहिला आम्ही मोठ्या कौतुकानं, हार घालून, भिंतीतल्या प्लगला लावला. तो तिकडच्या कमी दाबाच्या विजेवर चालणारा होता. जळका वास आला तेव्हा आमच्या चिटणीसांचं भाषण चालू होतं, त्यामुळे प्लग काढायलाही कुणी उठलं नाही.

आता भास्करकडे येते, कारण एवढं सगळं लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच.

भास्कर लासलगावचा. लहानपणी तापात डोळे गेले. आईवडील गेल्यावर भाऊ-वहिनीजवळ राहायचा. वहिनी, म्हणजे सुमनबाई, एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर कामाला. लिलावात घेतलेला कांदा व्यापारी आपल्या खळ्यावर आणून ओततात, बायका तो निवडतात, मोठा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, सडका बाहेर, मग गोण्या भरून ट्रकला लागतात. घरी एकटा कुठे ठेवायचा म्हणून सुमनबाई दिराला बरोबर न्यायची. तो भरलेल्या गोण्यांची तोंडं दाभणानं शिवायचा. त्याला डोळे लागत नाहीत, हाताला सवय झाली की झालं. करमणुकीला त्याचा टेप आणि आमच्या कॅसेटी.

बायकांना त्या कॅसेटींचं वेड लागलं. खळ्यावर तीसेक बायका बसलेल्या, मध्ये कांद्याचा ढीग, एका बाजूला गोण्यांच्या थप्पीवर भास्कर, आणि त्याच्या टेपमधून लिमयेबाई. खळ्याचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणत, ते आधी कुरकुरले. मग त्यांच्या ध्यानात आलं की पुस्तक चालू असलं की बायका बडबडत नाहीत, भांडत नाहीत आणि प्रकरण संपेपर्यंत उठत नाहीत. पुढे गोण्या शिवायचं हातातलं मशीन आलं आणि भास्करचं दाभण गेलं, तरी शेठनं त्याला घालवला नाही. आठवड्याचा पगार मिळायचा तो पुस्तकाचा. मला हे माहीत होतं, कारण तो दर महिन्याला कॅसेटी बदलायला एसटीनं नाशकात यायचा आणि मला सगळं सांगायचा.

अशात संस्थेच्या बैठकीत ठरलं की कॅसेट विभाग बंद. फिती चिकटत होत्या, बुरशी धरत होत्या, कोऱ्या कॅसेटी बाजारात मिळेनात, हे सगळं खरंच होतं. मी हे भास्करला सांगितलं.

तो म्हणाला, "मॅडम, ती 'बारी' कादंबरी चालू हाय, ती तरी पुरी करू द्या. सहा कॅसेटी झाल्या, सहा राहिल्या. आन् माझ्या टेपचाबी पट्टा गेलाय, दुरुस्तीवाला म्हणतो आता मिळत नाय."

"अरे, नवीन यंत्र देते ना तुला. त्यात बारा पुस्तकं एकदम मावतात."

"बारा नको मॅडम. एकच द्या, पण समद्यांना ऐकू गेलं पाहिजे. पुस्तक बंद पडलं तर शेठ मला घरी बसवील. तिथं गाणी लावायची म्हणून मोठा स्पीकर आणायचं चाललंय. घरी बसलो तर भावाच्या जिवावर बसलो."

मी त्याला शब्द दिला. त्या शब्दानं पुढचे काही महिने माझा छळ केला.

पहिला दिला तो खिशात मावणारा प्लेयर, मेमरी कार्डवाला. कार्डावर कादंबरी भरली, नावं मराठीत घातली, कारण आपलं ग्रंथालय मराठी. यंत्राला मराठी अक्षर कळेना. प्रत्येक प्रकरणाचं नाव म्हणून ते इंग्रजीत 'क्वेश्चन मार्क, क्वेश्चन मार्क' असं म्हणत सुटलं. मग नावांऐवजी नुसते आकडे घातले. ते घेऊन भास्कर गेला, आणि पंधरा दिवसांनी हसतच आला.

"मॅडम, ही नायिका लय पुढची निघाली. पहिल्या प्रकरणात शाळेत जाते, लगेच बाळंत होते, मग तिच्या लग्नाची बोलणी. बायका म्हणतात अशी कादंबरी आजवर ऐकली नाय."

झालं होतं असं, की यंत्र एकनंतर दोन घेत नव्हतं. एकनंतर दहा, मग अकरा, बारा, आणि मग दोन. त्याला आकड्याची किंमत कळत नव्हती, फक्त पहिलं अक्षर कळत होतं. एक, दोनच्या आधी शून्य लावलं की काम होतं, हे मला कुणीही सांगितलं नाही, मी धडपडून शोधलं. कादंबरी सरळ करून, कार्डावर जोडीला आणखी एक घालून परत दिली तर खळ्यावरच्या बायका नाराज. त्यांना आधीचीच आवडली होती. लेखिकेच्या घरचे दिवाळी अंक वाचतात, म्हणून कादंबरीचं नाव सांगत नाही.

पण मूळ दुखणं निराळंच होतं. ते यंत्र एका माणसाला ऐकू जाईल एवढंच बोलायचं; बायकांनी ऐकलं ते जेवणाच्या सुट्टीत त्याच्याभोवती दाटीनं बसून. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता खुर्चीत बसून एकटा पुस्तक ऐकणारा अंध वाचक. पुस्तक वाजतंय आणि तीस बायका कांदा निवडत ऐकतायत, असा अंध वाचक त्यांनी बघितलाच नव्हता, आणि त्याबद्दल तरी त्यांना दोष कसा द्यायचा. सुमनबाईनं ते पत्र्याच्या डब्यात ठेवून बघितलं, तर आवाज मोठा झाला पण शब्द कळेनात. दोन दिवसांनी शेठचा स्पीकर आला आणि खळ्यावर गाणी सुरू झाली.

मी एम. जी. रोडची दुकानं पालथी घातली. प्लेयरला बारीक पिनेचं भोक, मोठ्या स्पीकरला जाड पिनेचं. जोडणारा तुकडा मिळाला तर आवाज एकाच बाजूनं. दुसरा तुकडा घेतला तर खरखर. शेवटी एक बॅटरीवरचा स्पीकर मिळाला, तर तो चार्ज व्हायला रात्र घ्यायचा आणि लासलगावात लोडशेडिंग. प्लेयरची बॅटरी वेगळी, स्पीकरची वेगळी, दोघांचे चार्जर एकमेकांना चालत नाहीत. दरम्यान नव्यानं आलेला आणखी चांगला कार्डाचा प्लेयर भास्करसाठी काढला, तर त्याला जुनं कार्ड चालेना. जास्त मावणारं कार्ड आणलं तर नवा चालला पण आमचा कॉम्प्युटर ते वाचेना. चिटणीसांकडे गेले तर ते म्हणाले, "मॅडम, एका लाभार्थ्यामागे किती वेळ घालवणार? बाकीचे कुणी तक्रार करत नाहीत." बाकीचे तक्रार करत नव्हते, कारण बाकीच्यांनी यंत्रं कपाटात ठेवून दिली होती. ते मी त्यांच्या घरी जाऊन पाहिलेलं होतं. मला इतका संताप आला, की मी त्यांच्या टेबलावरच ते कार्ड ठेवलं आणि म्हटलं, "घ्या, ह्यात पुस्तक आहे, वाचून दाखवा."

मध्ये भास्करचं येणं थांबलं. त्याच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन केला तर निरोप मिळेना. मला वाटलं, बसवला शेठनं घरी. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तो भावाच्या ओट्यावर बसलेला दिसायचा. पोरगं काही मागत नव्हतं जगावेगळं. एक पुस्तक, मोठ्यानं. आणि एवढी यंत्रं, एवढे दाते, एवढ्या बैठका, तरी ते आम्हाला जमत नव्हतं. मला स्वतःची आणि सगळ्या संस्थेची लाज वाटायला लागली.

अखेर एकदाचं जमलं. प्लेयर, कार्ड, जोडतुकडा, स्पीकर, दोन बॅटऱ्या, सगळं एकमेकांशी बोलायला लागलं. ग्रंथालयात लावून बघितलं तर खालच्या मजल्यावरून लोक वर आले. मी सगळा संसार दोन पिशव्यांत भरला, रजा टाकली आणि सीबीएसवरून लासलगावची एसटी धरली. वाटेत मनात ठरवत होते, आधी शेठच्या पाया पडायचं, एक दिवस संधी द्या म्हणायचं.

उन्हाळ कांद्याचा हंगाम, बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. खळ्याच्या फाटकाशी पोचले तर आत गाणी नव्हती. गाण्यांचा स्पीकर कोपऱ्यात, त्याच्यावर रिकाम्या गोण्या टाकलेल्या. ढिगाभोवती बायका खाली मान घालून निवडतायत, आणि गोण्यांच्या थप्पीवर भास्कर बसलेला. समोर कुठलंही यंत्र नाही. आणि तो बोलत होता.

मी सुमनबाईजवळ जाऊन बसले. तिनं हात न थांबवता हळूच सांगितलं, "शेठनं बाजाराच्या दिवशी सांगितलं, उद्यापासून नको येऊ. लय रडला घरी येऊन. मग रातभर तुमचं ते खिशातलं कानाशी धरून बसला. सकाळी माझ्या आधी तयार. हितं आला आन् गाणी चालू असतानाच बोलाया लागला. म्हातारी कोंडाबाई उठली आन् तिनंच स्पीकर बंद केला."

"आणि शेठ?"

तिनं हनुवटीनं ऑफिसकडे दाखवलं. शेठ दारात खुर्ची टाकून बसले होते, फोन कानाला होता, पण बोलत काहीच नव्हते. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत असावा.

मी ऐकू लागले. कादंबरी आमचीच होती, कार्डावरची दुसरी, बायकांनी अजून न ऐकलेली. लिमयेबाईंचे थांबे, लिमयेबाईंची शांत लय, पण भाषा लासलगावची. नायिकेला सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं, इथपर्यंत बरोबर. यानंतर पुस्तकात ती माहेरी जाते, झुरते आणि शेवटच्या प्रकरणात क्षयानं मरते. मी ते पुस्तक स्वतः तपासलेलं, मला पाठ आहे. भास्करच्या तोंडी ती माहेरी गेली, भावाकडून तिनं हिश्शाची जमीन मागून घेतली, कांदा लावला, आणि ट्रॅक्टर भरून स्वतः बाजार समितीत उभी राहिली. लिलावाला व्यापारी कोण कोण आलेत ते तो एकेक सांगत होता, आणि त्यांत तिचा सासराही होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरीभर एकेका शब्दासाठी मी लोकांशी भांडले होते. चांगल्या चांगल्या प्राध्यापकांना 'आणि'च्या जागी 'व' वाचलं म्हणून परत वाचायला लावलं होतं. मला राहवेना. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "भास्कर, अरे, पुस्तकात असं नाहीये."

तो थांबला. माझा आवाज ओळखून त्याचा चेहरा पडला. सगळं खळं माझ्याकडे बघायला लागलं. शेठनी फोन खाली ठेवला.

कोंडाबाई ढिगाच्या पलीकडून म्हणाली, "बाई, तुमी लांबून आल्या, च्या पाणी घ्या. पन आत्ता जरा गप बसा. तिच्या कांद्याचा लिलाव चाललाय."

भास्करनं तोंड माझ्या दिशेला वळवलं. तो माझी वाट बघत होता. मी काय म्हणते त्यावर त्याचं बोलणं अडलं होतं, आणि त्या बोलण्यावर त्याची ती थप्पीवरची जागा. माझ्या हातात दोन जड पिशव्या होत्या, सगळं जोडून, चार्ज करून आणलेलं. बटण दाबलं असतं तर लिमयेबाईंनी अक्षर न अक्षर बरोबर वाचून, तिला शेवटच्या प्रकरणापर्यंत नेऊन मारलं असतं.

मी पिशव्या गोण्यांच्या मागे सरकवल्या आणि खाली बसले.

"सांग पुढे," मी म्हटलं. "सासऱ्यानं काय बोली लावली?"